न झालेल्या क्षेत्रभेटीचा अहवाल

दहावीच्या भूगोलात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा असतो. वर्गात जे शिकलो ते बाहेर जाऊन डोळ्यांनी पाहायचं, तिथल्या लोकांशी बोलायचं, टिपणं घ्यायची आणि परत येऊन अहवाल लिहायचा, असं त्यात सांगितलेलं आहे. हा धडा मी कितीतरी वर्षं शिकवला, तो वर्गातल्या पंख्याखाली उभी राहून. परीक्षेतले प्रश्न ठरलेले. क्षेत्रभेटीला जाताना कोणतं साहित्य बरोबर घ्याल? पोरं धडाधड लिहायची: वही, पेन, टोपी, होकायंत्र, दुर्बीण, कॅमेरा, कचरा गोळा करायला पिशवी. आमच्या शाळेत होकायंत्र एकच होतं आणि ते विज्ञानाच्या कुलूपबंद कपाटात. दुर्बीण तर मी स्वतःही कधी डोळ्याला लावलेली नव्हती. पण यादी बरोबर आली की मी पूर्ण गुण द्यायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त मला त्याचा पगार मिळत होता.

शाळा मुदखेडची. मी राहायला नांदेडला, रोज गाडीनं अपडाऊन करायची. मुदखेड जंक्शन आहे. तिथून एक रूळ निजामाबादकडे जातो आणि दुसरा भोकरवरून किनवटच्या जंगलाकडे. दहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि खिडकीतून रुळांचा एक तुकडा दिसायचा. भूगोलाचा तास मधल्या सुट्टीनंतरचा, पोरं डबे खाऊन पेंगुळलेली. त्यात गणिताचे सर दारात येऊन, मॅडम आजचा तास मला द्या, दोन प्रमेयं राहिलीत, म्हणायचे. मी भांडायची. चाळीस गुणांचा का असेना, माझा विषय आहे म्हणायची, आणि पुष्कळदा जिंकायचीही. स्टाफरूममध्ये माझं नाव तिखट मॅडम पडलं होतं, ते मला मनातून आवडायचं.

आमच्या पोरांना ब्राझीलमधली नदी उगमापासून मुखापर्यंत पाठ. शाळेमागचा ओढा कुठं जाऊन मिळतो असं विचारलं की मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. यात त्यांचा काय दोष? मलाही ते माहीत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. माझे यजमान सरकारी कचेरीत होते, ते घरी चिडवायचे, की हिला अ‍ॅमेझॉनचं खोरं ठाऊक आहे, पण भाजीमंडईतून घरी यायचं तर रस्ता विचारते.

माझं माहेर लातूरचं. आमच्या लहानपणी नळाला पाणी आलं की आई हातातलं काम टाकून धावायची, आणि अभ्यासाला बसलेल्या आम्हीही घागरी घेऊन तिच्यामागं. पुढं एक वर्ष असं आलं की लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं आलं. मी तेव्हा मुदखेडच्या वर्गात नद्या शिकवत होते आणि भाऊ फोनवर टाकीत किती पाणी उरलंय ते सांगत होता. असल्या गावच्या मुलीला वाहत्या पाण्याचं वेड लागलं तर नवल नाही. वर्गातल्या भिंतीवर कापडाला चिकटवलेला जुना नकाशा होता. त्यावर पैनगंगेची निळी रेघ किनवटच्या बाजूनं जाते. तिथं एक मोठा धबधबा आहे हे मी वाचलं होतं, वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्याचा फोटोही पाहिला होता. दरवर्षी धडा शिकवताना मी त्या रेघेवर बोट ठेवायची आणि मनात म्हणायची, एकदा जायचं. आमच्याच स्टेशनातून सुटणारी गाडी जवळपास तिथपर्यंत नेते. तरी जाणं झालं नाही. घर, सासूबाईंचं आजारपण, मुलीचं शिक्षण, आणि मधल्या सगळ्या रविवारी धुणं.

जाणं झालं नाही, पण अहवाल झाला. अंतर्गत गुणांसाठी प्रत्येक मुलाच्या फायलीत क्षेत्रभेटीचा अहवाल असावा लागतो. क्षेत्रभेट झाली की नाही हे कोणी विचारत नाही, अहवाल आहे का एवढं विचारतात. म्हणून नोकरीच्या सुरुवातीलाच मी त्या फोटोवरून एक अहवाल तयार केला, आणि दर डिसेंबरात तो फळ्यावर लिहायची. आम्ही इयत्ता दहावीचे विद्यार्थी शिक्षकांसमवेत सकाळी रेल्वेने निघालो. उंचावरून कोसळणारा फेसाळ धबधबा पाहून सर्वांचे मन हरखून गेले. तुषारांनी आम्ही चिंब भिजलो. सर्वांनी मिळून डबे खाल्ले. मार्गदर्शक शिक्षिकांचे आभार मानून आम्ही परतलो. हे आभारही मीच फळ्यावर लिहायची आणि पोरं मान खाली घालून उतरवायची. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. बाकीच्या शाळांतही हेच चालतं, असं म्हणून मीही मोकळी व्हायची.

मग ती मुलगी आली. नववीच्या मध्येच तिचं नाव दाखल झालं. तिच्या गावात आठवीपर्यंतच शाळा, म्हणून मामाकडे राहायला आलेली. मामा रेल्वेत होता. अंगानं बारीक, दोन वेण्या, बोलणं तुटक. आमची पोरं मला मॅडम म्हणायची. ही बाई म्हणायची आणि वर्ग हसायचा. ती किनवटकडची आहे एवढं कळल्यावर पोरींनी तिला जंगलातली म्हणायला सुरुवात केली. तिनं कधी तक्रार केली नाही. खिडकीजवळच्या बाकावर बसायची आणि किनवटची गाडी गेली की शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत लिहायचं थांबायची. एकदा मी रागावले, शाळेत गाड्या बघायला येतेस का म्हणाले. ती उभी राहिली आणि म्हणाली, गाडी आमच्याकडं जाते बाई. मी तिला खाली बसायला सांगितलं.

दहावीत दिवाळीनंतर, अहवालाच्या तोंडावर, क्षेत्रभेटीचा धडा काढला तेव्हा मी नेहमीसारखं नकाशावर बोट ठेवलं आणि धबधब्याचं वर्णन सुरू केलं. ही मुलगी न विचारता उभी राहिली. तोवर ती कधीच आपणहून उभी राहिली नव्हती.

"तिथं माझं घर हाय, बाई."

वर्ग हसला. एक पोरगी म्हणाली, हिचं घर धबधब्यात आहे का मॅडम? पुन्हा हशा. मुलगी खाली बसली, कान लाल झालेले. मी पोरींना दटावलं, पण खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला त्याहून जास्त माझा स्वतःचा आला. मी ज्या जागेचं इतकी वर्षं वर्णन करत होते, तिथं राहणारं एक माणूस माझ्यासमोर बसलेलं होतं, आणि मी त्याला कधी एक प्रश्नही विचारला नव्हता. त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी ठरवून टाकलं, की यंदा खरंच जायचं.

पुढचे तीन आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यांत चांगले होते. मुख्याध्यापक घाईत होते, त्यांनी मान हलवली. मी संमतिपत्रं छापून आणली, पालकांच्या सह्या गोळा केल्या, डिसेंबरातला एक रविवार ठरवला. सकाळच्या गाडीनं जायचं आणि संध्याकाळी परत. स्टेशनापासून पुढं चालत जायचं होतं, म्हणून त्या मुलीला रस्त्याचा आराखडा काढून आणायला सांगितलं. तिनं आणला तो नकाशा मी अजून विसरले नाही. उत्तर दिशा बरोबर, अंतरं पावलांत, खाली नीट चौकट करून सूची: सागाची झाडं, देऊळ, पाऊलवाट, खडक, नदी. सूचीत सगळ्यांत शेवटी एक छोटं वर्तुळ होतं आणि त्यापुढं लिहिलं होतं, आई इथं थांबेल. ते वर्तुळ नकाशात स्टेशनाच्या फलाटावर होतं.

आई येऊन सगळ्यांना घेऊन जाणार, असं तिनं पोरींना सांगून टाकलं होतं. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती आता घोळका असायचा. वाघ आहे का, अस्वल आहे का, पाण्यात पाय टाकता येतो का, असल्या चौकशा. ती सगळ्यांना उत्तरं द्यायची आणि एवढी बोलायची की मला ऐकून बरं वाटायचं. जंगलातली म्हणणं आपोआप थांबलं. मी लांबून बघायची आणि मला कळायचं, की या पोरीला धबधबा दाखवायचा नाहीये. तिला या चाळीस जणांना आपलं घर दाखवायचं आहे, आणि आपल्या आईला हे चाळीस जण.

आदल्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा. सुटायच्या आधी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली होती. म्हणाले, मॅडम, रात्रभर विचार केला. रेल्वेनं मुली न्यायच्या, त्यात पाण्याजवळ. काही कमी-जास्त झालं तर पेपरात शाळेचं नाव येईल. सराव परीक्षाही तोंडावर आली आहे. फेब्रुवारीत एसटी करून कंधारचा किल्ला दाखवू, दरवर्षीच्या सहलीसारखा. मी सुरू झाले. पालकांच्या सह्या आहेत, धडाच आहे पुस्तकात, आणि दहा वर्षं आपण खोटे अहवाल लिहून घेतो आहोत सर, असंही बोलून गेले. त्यांनी शांतपणे एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

"लिहून द्या, सगळी जबाबदारी माझी म्हणून. खाली सही करा आणि जा."

मी पर्समधून पेन काढलं. टोपण उघडलं. त्या कागदाकडे बघताना मला एकाएकी सगळं दिसायला लागलं: ओला खडक, चाळीस पोरं, मी एकटी, कोणाची तरी घसरलेली चप्पल. सरांनी काही घाई केली नाही. मी टोपण परत लावलं आणि म्हणाले, बरं सर.

तिखट मॅडम म्हणे. गणिताच्या तासावरून भांडायला तोंड होतं, इथं दोन शब्दांत संपलं. सरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी दार बंद केलं नव्हतं, उघडून धरलं होतं, आणि मी त्यातून गेले नाही.

वर्गात जाऊन सांगितलं. पोरांनी ओरडा केला आणि दहा मिनिटांत किल्ल्याच्या गप्पा सुरू केल्या. पोरं ती, त्यांना काय. मुलगी मात्र त्यात नव्हती. मी तिच्या बाकापाशी गेले आणि म्हणाले, आईला आजच कळव बरं, उगाच यायची. तिच्या घरी फोन नव्हता, गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर निरोप ठेवावा लागायचा. ती म्हणाली, हाव बाई. तिनं हाव म्हटलं आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. निरोप पोचला का, हे मी सोमवारी विचारलं नाही, आणि नंतरही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी अहवाल लिहून घ्यायची वेळ आली. मला फळ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, म्हणून मी भराभर लिहिलं, नेहमीचाच अहवाल. वह्या तपासताना तिची वही आली. तिनं फळ्यावरचं उतरवलेलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं ते असं:

"स्टेशनवर उतरलं की डाव्या हाताला साग आहेत. तिथून पाऊण तास चालावं लागतं. डिसेंबरात धबधबा मोठा नसतो. तीन धारा असतात. मधली धार जानेवारीत बंद होते. माझी आई मधल्या धारेच्या खडकावर गोधड्या धुते. खडक काळा आहे आणि दुपारी पाय भाजतात. पाण्याचा आवाज आमच्या घरी ऐकू येतो. आवाज बंद झाला की आई म्हणते, आता उन्हाळा लागला. आई स्टेशनवर आली होती. तिनं सगळ्यांसाठी भाकरी आणल्या होत्या."

मी ते वाचलं आणि मला राग आला. आज कबूल करायला हरकत नाही, तो राग तीन धारांचा होता. दख्खनच्या पठारावरच्या नद्या पावसाच्या पाण्यावर वाहतात, पाऊस सरला की आटत जातात, हे मी दरवर्षी शिकवत होते, परीक्षेत विचारत होते, न लिहिणाऱ्याचे गुण कापत होते. आणि त्याच नदीवर मी डिसेंबरात फेसाळ धबधबा कोसळवत होते, कारण पुरवणीतला फोटो ऑगस्टातला होता. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका पोरीनं काही न बोलता ते दाखवून दिलं. मी लाल पेननं तिच्या शेवटच्या दोन वाक्यांवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, कल्पित मजकूर लिहू नये. पाचांपैकी दोन गुण दिले.

एवढ्यावर भागलं नाही, तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. फळ्यावरचं का उतरवलं नाहीस, विचारलं.

"तसं न्हाई तिथं, बाई."

मी म्हणाले, घराची आठवण येते म्हणून अहवालात आई आणायची का? बाजूला बसलेल्या दोघी मॅडम हसल्या. मुलीनं वही उघडली, रेघ मारलेल्या वाक्यांकडे थोडा वेळ बघितलं आणि वही मिटून निघून गेली. तिच्या तोंडावर रडूही नव्हतं. रडली असती तर कदाचित मी तिला जवळ बोलावलं असतं.

दहावीनंतर ती गेली. किनवटला कुठल्याशा वसतिगृहात अकरावीला गेली, एवढं कानावर आलं. आणि पुढच्या डिसेंबरात मी फळ्यावर अहवाल लिहिला तो नवा होता. डिसेंबर महिना असल्याने धबधब्याच्या तीनच धारा वाहत होत्या. त्यांपैकी मधली धार लवकरच आटते, असे स्थानिकांनी सांगितले. मुख्याध्यापक वर्गावरून जाताना थांबले, वाचून म्हणाले, वा, निरीक्षण छान आहे. मी हसले. दोन गुणांची ती पोरगी माझ्या फळ्यावर स्थानिक होऊन बसली होती, आणि ते मला आणि तिलाच कळलं असतं.

त्यानंतर किनवटची गाडी खिडकीतून गेली की लिहायचं थांबायची पाळी माझ्यावर आली. खडू हातात धरून मी उभी राहायची. कोणत्या खडकावर गोधड्या धुतात, पाण्याचा आवाज घरात किती येत असेल, असलं काहीबाही मनात यायचं. आधी मला नुसतं पाणी बघायचं होतं. आता त्या घराशी उभं राहून ऐकायचं होतं. पण रोज संध्याकाळी मी नांदेडच्या गाडीत बसायची. तिथं जायचं तर काय तोंडानं, असंही वाटायचं आणि मग पुढच्या वर्षी बघू म्हणायची.

निवृत्त झाले. शाल, नारळ, दोन भाषणं. घरी बसल्यावर पहिले काही महिने गाडीच्या वेळेला पाय आपोआप चपलांकडे वळायचे. लातूरला भावाकडे जाऊन राहिले, तिथं गल्लोगल्ली शिकवण्यांच्या पाट्या आणि डॉक्टर होऊ घातलेली पोरं. त्यांच्यात भूगोलाची चौकशी कोण करणार. एक दिवस भाच्याच्या मुलीनं विचारलं, आत्या-आजी, तू जे शिकवायचीस त्यातलं काय काय पाहिलंस? मी बोटं मोजायला घेतली आणि पहिल्याच बोटावर थांबले.

मागच्या डिसेंबरात मी गेले. यजमान म्हणाले, मीही येतो, एकटी कुठं जंगलात जातेस. मी नको म्हणाले. नांदेडहून गाडी निघाली, मुदखेड आलं तशी सवयीनं उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. भोकर गेलं. शेतं विरळ होत गेली, मग साग दिसायला लागले, मोठ्या पानांचे, काही पानं वाळून तपकिरी झालेली. इतक्या वर्षांत जे अंतर मी कापलं नव्हतं ते दुपारच्या आत संपलं. मला त्याची चीड आली आणि रडूही आलं.

स्टेशन लहानसं. डाव्या हाताला साग होते. फलाटावर विचारलं, मामा रेल्वेत, मुलगी मुदखेडला शिकायला होती, असं सांगितल्यावर एकानं लगेच घर ओळखलं आणि वाट दाखवली. चालायला पाऊण तास लागला, माझ्या गुडघ्यांनी थोडा जास्त. घराच्या बरंच अलीकडे पाण्याचा आवाज यायला लागला. मी वाटेत थांबून ऐकलं. मग पुढं गेले.

अंगणात एक बाई सूप घेऊन तूर पाखडत होती. माझ्याच वयाची असेल, किंवा लहानही, उन्हानं वय कळत नव्हतं. मी मुलीचं नाव घेतलं आणि मुदखेडच्या शाळेतून आले म्हणाले. तिनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि विचारलं, तुम्ही भूगोलाच्या बाई का? मी हो म्हणाले. लेक लई सांगायची तुमचं, ती म्हणाली. काय सांगायची, हे विचारायचा मला धीर झाला नाही. लेक आता लातूरला नर्सचं शिकून तिथंच एका दवाखान्यात आहे, दिवाळीला येऊन गेली, हे तिनं आपणहून सांगितलं. मी लातूरला भावाच्या गॅलरीत बसून दिवस काढत होते, तेव्हा ती त्याच गावात कामावर जात होती.

चहा झाला. मग ती मला नदीवर घेऊन गेली. धारा तीन होत्या, मधली अगदी बारीक. काळ्या खडकावर गोधड्या वाळत घातलेल्या. फोटोत होतं तसलं काही नव्हतं आणि मला ते हवंही नव्हतं. ती खडकावरून सराईतपणे चालत होती, कुठं पाय ठेवायचा ते मला सांगत होती, कुठला खडक शेवाळाचा, कुठल्या डोहात पोरांना उतरू द्यायचं नाही. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. मला उगाच वाटलं, हे तिनं पूर्वी कधीतरी मनात घोकून ठेवलेलं आहे.

आम्ही एका कोरड्या खडकावर बसलो. मी विषय काढणार होते, पण तिनंच काढला. त्या साली तुम्ही पोरं घेऊन यायच्या होत्या ना, म्हणाली. मी म्हणाले, हो, पण आयत्या वेळी रद्द झालं. तुम्हाला निरोप मिळाला ना तेव्हा?

"निरोप कुठला. दुकानाचा फोन बंद पडला होता आठ दिस. मी भाकरी घेऊन ठेसनात बसून राहिले. गाडी आली, माणसं उतरली, लेकरं काही दिसंनात."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादी जुनी गंमत सांगावी तसं ती सांगत होती, पाण्याकडे बघत.

"म्हणलं लेकरांची गाडी चुकली आसंल, उद्याच्यानं येतील. म्हणून दुसऱ्या दिशी बी गेले. शिळ्या कशाला द्याव्या लेकरायला, म्हणून परत थापल्या."

गाडी चुकली नव्हती, हे मी तिला सांगितलं. एक कागद होता, त्यावर मी सही केली नाही, हेही सांगितलं. ती पाण्याकडून माझ्याकडे वळली आणि तिनं विचारलं, किती पोरं होती वो बाई तुमच्या वर्गात? मी अंदाजानंच थापल्या होत्या, पुरल्या असत्या का?